खोटी गर्दी

मी पीटीची बाई. निवृत्त झाले तरी गळ्यातली शिट्टी सुटली नाही, आणि तोंड तर आधीपासूनच सुटलेलं. नगरच्या शाळेत मुलींना कवायत शिकवण्यात उभा जन्म गेला. आता राहुरीच्या अलीकडे, कालव्याच्या कडेला आमच्या चर्चच्या मंडळीचं एक छोटं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे शिकवायला जाते. पत्र्याची लांब शेड, मागे चार खोल्या, एक बोअर आणि तिन्ही बाजूंनी ऊस. इथे ख्रिस्ती सेवक तयार होतात. शहरातल्या चर्चमध्ये पंख्याखाली बसणारे नव्हेत. जिथे आपल्याला कुणी बोलावलेलं नाही, जिथे धड रस्ता नाही की दवाखाना नाही, आणि आपण कोण हे कळल्यावर लोकांच्या कपाळाला आठ्या पडतात, तिथे जाणारे.

बायबल शिकवतात आमचे पाद्री, पाळकसाहेब. बाकी सगळं माझ्या गळ्यात. पंक्चर काढणं, साप चावला तर काय करायचं आणि काय नाही, ताटात येईल ते मुकाट्याने खाणं. आजारी माणसाला ‘बरा करतो’ असा शब्द द्यायचा नाही. कुणाला काही द्यायचं-वाटायचं नाही, गोळी-बिस्कीटसुद्धा नाही. आणि परक्या लेकराच्या डोक्यावर आईबापाला विचारल्याशिवाय हात ठेवायचा नाही. हे शेवटचं शिकवताना माझा जीव जातो. आमच्या लोकांना पाळण्यातली सवय, लेकरू दिसलं की हात डोक्यावर आणि प्रार्थना सुरू. “अहो, तिथे त्याचा अर्थ भलताच होतो!” असं मी किती वेळा कोकलले असेन, देवच जाणे.

सगळ्यात शेवटी असते खोटी गर्दी. एकेकाला शेडमध्ये चटईवर बसवायचं आणि बाहेरून माणसांनी चाल करून यायचं. कोण रे तू, कुठून आलास, कशाला आलास, चालता हो. त्याने उठायचं नाही, उलट बोलायचं नाही, रडायचं नाही. हात मांडीवर, दिसतील असे. विचारलं तर खरं नाव, खरं गाव सांगायचं. आलेल्याला पाणी विचारायचं. यातलं काही मोडलं की मी शिट्टी मारणार, गर्दी जागच्या जागी थांबणार आणि त्या माणसाचं यंदाचं जाणं रद्द. तो निर्णय पाळकसाहेबांनी माझ्यावर सोपवलेला आहे.

ही गर्दी आम्ही आणतो शेजारच्या वस्तीवरून. सगळी शेतकरी माणसं, आमच्या धर्माशी त्यांचा काडीचा संबंध नाही, पण शेजार चांगला. त्यांचे म्होरके नाना. ऊस, दोन गाई, गळ्यात तुळशीची माळ, एरवी तोंडातून वावगा शब्द नाही. पण त्या दिवशी त्यांच्या अंगात काय संचारायचं कुणास ठाऊक! असल्या ठेवणीतल्या शिव्या बाहेर काढायचे की मी सुद्धा पदर तोंडाला लावायची. झालं की चहा-भजी आणि हसणं-खिदळणं. “बाईंचा शिमगा कवा हाय औंदा?” असं ते दिवाळीपासूनच विचारायला लागायचे.

यंदाच्या तुकडीत माझी मुलगी होती.

माझी एकुलती एक. तिचे वडील गेल्यावर आम्ही दोघीच. नर्सिंग झालेलं, पुण्यात चांगल्या हॉस्पिटलात नोकरी, सगळं सुरळीत. आणि एके दिवशी बाईसाहेब सांगतात, मी डोंगरातल्या पाड्यावर जाणार. कुठला पाडा, तर तिच्या आधी गेलेलं जोडपं जिथून सामान टाकून परत आलं तो. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी इतकं बोलले की शेजारणीने खिडकी लावून घेतली. दुसऱ्यांची पोरं पाठवताना बाई खंबीर, आणि स्वतःच्या पोरीवर आलं की पाय गळाले, असं मंडळीत कुजबुजत होते. खुशाल कुजबुजा म्हटलं. तुमच्या घरात एकच लेक असती तर कळलं असतं.

तिला मी तोंडावर सांगितलं, “हे बघ, मी तुला नापास करायला बसलेय. जरा जरी डोळ्यात पाणी दिसलं तरी शिट्टी.”

ती म्हणाली, “वाजव ना. पण मोडल्याशिवाय वाजवू नकोस.”

पाळकसाहेबांच्या देखत मी नानांनाही सांगितलं, आज हातचं राखू नका. नाना हसले. “आपल्याच पोरीला व्हय?” म्हणाले. पण बायकामाणसांसकट वीसेक जण गोळा करून आणले.

ऊन कलायला लागलं होतं. उसाचे ट्रॅक्टर फॅक्टरीकडे चालले होते, त्यांच्या टेपचा दणका कालव्यापर्यंत येत होता. मुलगी चटईवर बसली. शेजारी पिशवी, पाण्याचा तांब्या, पेला. मी दाराशी उभी. पाळकसाहेब तेवढ्यात राहुरीला गॅसची टाकी आणायला गेलेले. नानांनी खाकरून घसा साफ केला आणि सुरू झाले. काय तो आवाज! “हाकला हिला! कुणी बलावलं हुतं हिला?” मागून बायकांनी साथ धरली. मुलगी शांत. ओठ जरा सुकलेले, बाकी काही नाही. मी तिच्या डोळ्यांकडे टक लावून बघत होते. रड ना गं, रड, असं मनात चाललेलं. हो, हेच चाललेलं.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकली थांबल्या. कुठल्या तरी गावाहून क्रिकेटची मॅच खेळून चाललेली पोरं. आरडाओरडा ऐकला, केंद्राची पाटी वाचली, आणि त्यांना वाटलं की गावकऱ्यांना कुणीतरी बाटवायला आलंय. चार-पाच जण उसाच्या बांधावरून सरळ आवारात आले.

“काका, काय झालं? कोन हायेत ह्या?”

नानांना वाटलं, बाईंनी यंदा नवी माणसं आणली. ते आणखी चेकाळले. “बघा ना राव! हाकलून हाकलून दमलो, जातच न्हाई बया!”

“तुमी सरका. आमी बघतो हिच्याकडं.”

मी म्हणाले, “अरे बाळांनो, थांबा, ही शिकवणी आहे—” पण वीस माणसांच्या गलक्यात माझं कोण ऐकतंय. त्यातला एक उंच पोरगा आत शिरला. त्याने पिशवी उलटी केली. टॉवेल, साबण, बायबल, बीपी मोजायचं यंत्र, सगळं चटईवर पसरलं. दुसऱ्याने मोबाईल काढून शूटिंग चालू केलं.

मी शिट्टी मारली. सगळा दम एकवटून, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जाईल अशी.

आमची गर्दी थांबली. एका काकूंचा हात वर उगारलेला तसाच राहिला. नानांची शिवी अर्ध्यात तुटली. पण ती पोरं थांबली नाहीत, आणि तेव्हा कुठे नानांना कळलं की ही माणसं आपली नव्हेत.

“ए म्हातारे, शिट्टी कुनाला वाजवती?” शूटिंगवाला माझ्यावर खेकसला.

उंच पोरगा मुलीसमोर वाकला. “ऊठ. फोन उघड. कुनाकुनाला बाटवलं दाखव.”

मुलीने पेला पुढे केला. “पाणी घ्या, दादा. उन्हातून आलात.”

त्याने हाताने पेला उडवला. तिने स्वतःचं नाव सांगितलं, गाव नगर म्हणून सांगितलं. त्याने तिचं मनगट धरलं आणि खेचलं. ती अर्धी उचलली गेली, पुन्हा खाली बसली. रडली नाही. माझे गुडघे गेलेले, मी धावले म्हणजे काय, लंगडतच निघाले. तोंडातून नुसतं “सोड, सोड” निघत होतं. चाळीस वर्षं मैदान गाजवलेला माझा आवाज त्या वेळी कुठे मेला होता, कुणास ठाऊक.

माझ्या आधी नाना पोचले. “आरं, नाटक हाय रे हे! शिकवनी हाय! त्यांनीच आमाला बोलावलंय.”

“शिव्या खायला कोन बोलावतंय, काका? येडं समजता का आमाला?”

खरंच, कोण बोलावतं? नानांनी त्या पोराच्या मनगटावर आपला हात ठेवला.

“ही माझी पोरगी हाय,” ते म्हणाले. आवाज चढवला नाही. “माझ्या पोरीचा हात सोड.”

त्याने नानांच्या गळ्यातल्या माळेकडे बघितलं, मग मुलीकडे. त्याला काही मेळ लागेना. मागच्या काकू पुढे सरकल्या, बाकीची माणसंही आत आली, आणि आता गर्दी त्या पोरांभोवती होती. त्याने हात सोडला. “व्हिडिओ हाय आमच्याकडं, बघून घेऊ,” वगैरे बडबडत ते निघाले.

मी मुलीचं मनगट हातात घेतलं. लाल झालं होतं. मला वाटलं, बिचारीला अजून खोटंच वाटत असेल, म्हणून बसली एवढी धीराने. म्हटलं, “अगं, ती खरी पोरं होती.”

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “आपले नाना शिव्या द्यायला येतात ते चपला बाहेर काढून. हा बुटासकट चटईवर आला. तेव्हाच कळलं.”

म्हणजे शिट्टीच्याही आधीपासून तिला माहीत होतं. माहीत असून पाणी पुढे केलं होतं. मला असा राग आला की सांगता सोय नाही. तिच्यावर, त्या पोरांवर, पाळकसाहेबांच्या गॅसच्या टाकीवर, आणि खोटं कशाला बोलू, देवावरसुद्धा.

नाना पायरीवर बसले होते. चहा आला, त्यांनी घेतला नाही. “बाई,” ते म्हणाले, “मला परत बलावू नका. आता तोंडातनं शिवी निघायची न्हाई.” मग मुलीकडे न बघता म्हणाले, “आन हिला पाठवू नका. आज हितं मी हुतो. तिथं कोन हाय?”

एवढंच तर मी महिनाभर विचारत होते. मुलीला, पाळकसाहेबांना, गुडघ्यावर बसून वरच्यालाही. मुलगी चटईवरचं सामान पिशवीत भरत राहिली.

पाळकसाहेब आले तेव्हा रिक्षातली टाकी तशीच राहिली आणि ते धावत शेडमध्ये शिरले. सगळं ऐकून घेतलं. मुलीपाशी बसून प्रार्थना केली. थोड्या वेळाने, माणूस नियमाचा पक्का म्हणून, त्यांनी विचारलं, “बाई, शिट्टी वाजली म्हणतात. ती मोडली का?”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नाना तर हात जोडल्यासारखेच बघत होते. फक्त मान हलवायची होती. शिट्टी सगळ्यांनी ऐकलेली, मला खोटं पाडणार कोण? पोर घरी राहिली असती. सकाळी पुण्याची एसटी धरून कामावर गेली असती, रविवारी घरी येऊन माझ्या हातचं जेवली असती. माझ्या जिभेवर ‘हो’ आलेलं होतं. अगदी टोकावर.

मुलगी बघत नव्हती. खाली मान घालून टॉवेलची घडी करत होती.

“ती नाही मोडली,” मी म्हणाले. “मी मोडले. मी घाबरले म्हणून वाजवली. पाठवा तिला.”

नानांनी कपाळावर हात मारला. आणि एवढा वेळ डोळ्यातून टिपूस न काढलेली माझी पोर टॉवेल तोंडात धरून हमसाहमशी रडायला लागली, “आई, मला लई भीती वाटली गं,” म्हणत. मी तिला पोटाशी धरलं. जाऊ नकोस, असं मात्र मला आता म्हणता येत नव्हतं.