खोटं धुराडं

"साहेब, तुमचं पान इथंच वाढलंय. वर बंगल्यात पूजा हाय, पाहुणे हायेत. समजून घ्या."

मालक हसत बोलला. अमडापूरजवळ त्याच्या शेतातल्या बंगल्याची वास्तुशांती होती. बंगल्याचा नकाशा माझा, फाटकाजवळच्या चौकीदाराच्या घराचाही माझाच. मला वाढलं ते त्या चौकीदाराच्या घरात. आडनाव त्यानं पहिल्याच भेटीत विचारून घेतलं होतं.

अंगाची आग झाली. तरी पानावर बसलो.

विलायतेतल्या कुठल्याशा जमीनदाराच्या फाटकावरच्या घराचा फोटो मालकानं मला मोबाइलवर दाखवला होता. "हुबेहूब असंच पाहिजे." मी काढलं. उभ्या उताराचं छप्पर, टोकदार कमानीची खिडकी, वर विटांचं धुराडं. रस्त्यावरचे लोक थांबून बघत. मी फुशारून जायचो.

आत पहिल्यांदाच बसलो होतो. पाय पसरायला जागा नाही. चौकीदाराची बायको कोपऱ्यात चुलीवर भाकरी थापत होती. खोली धुरानं भरलेली. ती खोकत होती, माझे डोळे चुरचुरत होते.

"जय भीम, भाऊ. वर धुराडं हाय न? मंग धूर काऊन जात नाही?"

मी हातातला घास ताटात ठेवला.

"ते खोटं आहे वहिनी. नुसतं दिसायला. खालून फरशी लावून बंद केलंय."

"कोनं?"

"मी."

मालक म्हणाला होता, फाटकावर धूर दिसला की कळकट वाटतं. मी मान डोलावली होती.

तिनं भाकरी उलटली. "आपला मानूस नकाशा काढून राह्यला म्हने, म्हनून मी बिनघोर होती."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. ताट सारून उठलो. गवंड्याचा हातोडा दाराशीच पडला होता. स्टुलावर चढलो आणि धुराड्याखालच्या फरशीवर घाव घातला.

"कोन फोडून राह्यलं बे?" मालक धावत आला. मला बघून आवाज उतरला. "साहेब, तमाशा काऊन करता? चला, वर पंगतीत बसा."

"नाही येत. मी बंद केलं, मीच उघडतो."

फरशी फुटली. धूर वर गेला.

त्यानं मला आधीच वर बसवलं असतं, तर मी पोटभर जेवून, ढेकर देऊन घरी गेलो असतो. ती खोकतच राहिली असती. त्या ताटापेक्षा हे मला जास्त जाळतं.

आता कुणाचाही नकाशा असो, नोकराच्या खोलीतली चूल आणि तिच्या धुराची वाट मी कागदावर आधी आखतो. मालकाला खटकली, तर कागद गुंडाळतो आणि उठतो.