हेडमास्तरांच्या गुलाबाची लाल फांदी

सलूनवाल्या काकांचा हात इतका हलका, की दाढी करताना गिऱ्हाईक घोरायला लागायचं. चांगलीच गोष्ट आहे. पण हात असा हलका असला की माणसाला नको ते उद्योगही सुचतात. काकांना सुचला तो कलमांचा. सकाळी साडेसहाला ते पेटी घेऊन चार-दोन म्हाताऱ्यांच्या घरी दाढ्या करायला निघत. पेटीत वस्तरा, ब्रश, तुरटी आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेली कुठल्यातरी झाडाची काडी. म्हातारबुवा तोंड धुवायला आत गेले की काका अंगणात वळत. फांदीच्या सालीला एक आडवी, एक उभी चीर द्यायची, साल अलगद उचलायची, काडीवरून सोलून काढलेला डोळा, म्हणजे जिथून नवी पालवी फुटते तो कोंब, आत सरकवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी आवळायची. दीड मिनिटाचं काम. म्हातारबुवा कान पुसत बाहेर येईपर्यंत काका साळसूदपणे तुरटी धूत बसलेले असत.

मग केव्हातरी त्या घरात गोंधळ उडे. नर्सबाईंच्या पिवळ्या जास्वंदीला एका फांदीवर गुलाबी फुलं आली, तेव्हा त्या खतवाल्याशी कडाकडा भांडून आल्या. निवृत्त पोस्टमनच्या लिंबाला एक संत्रं लागलं, तर ते बघायला अर्धी गल्ली लोटली. काकाही गेले. सगळ्यांच्या पुढे उभे राहून "काय म्हणावं याला," म्हणाले आणि घरी येऊन पोट धरधरून हसले. हे सगळं ठाऊक होतं ते एकट्या काकूंना.

"एक दिवस अंगाशी येईल हं," त्या म्हणत.

"अगं, मी कुणाचं काही नेत नाही. उलट ठेवून येतो," काका म्हणत.

अंगाशी आलं ते हेडमास्तरांच्या अंगणात. हे मास्तर साऱ्या जगाला अरे-तुरे करत. आदराने बोलत ते फक्त आपल्या पांढऱ्या गुलाबाशी. चौदा वर्षं ते त्याची कुंडी फुलांच्या प्रदर्शनात मांडत आणि चौदा वर्षं उत्तेजनार्थ बक्षीस घेऊन तोंड पाडून परत येत. दोन हिवाळ्यांपूर्वी, मास्तर घरीच दाढी करवून घेत तेव्हा, काकांनी त्या गुलाबाच्या अगदी बुंध्याशी एक लाल गुलाबाचा डोळा भरला. तो धरला, पण फुटेना. वरच्या फांद्या जोमात असल्या की खालचा डोळा तसाच पडून राहतो. पुढे काका ते साफ विसरले. यंदा मात्र मास्तरांनी प्रदर्शनाचा हिशेब धरून पन्नास दिवस आधी छाटणी केली, आणि पहिला नंबर काढायचाच म्हणून झाड नेहमीपेक्षा फार खाली कापलं. झालं, वरचा भार गेला आणि निजलेला डोळा खडबडून उठला.

एका सकाळी मास्तर दाढीचा वार नसताना सलूनमध्ये हजर झाले. "ऊठ, चल," एवढंच म्हणाले. अंगणात पांढऱ्या कळ्यांच्या मधोमध एक लालभडक कळी तोऱ्यात उभी होती.

"नवीन जात आहे ही," मास्तर कुजबुजले. "आपोआप झालेली. मी सोळा पानांचं टिपण लिहिलंय. प्रदर्शनाच्या मंडळाला पत्रही गेलं. परीक्षक बुंध्यापासून शेंड्यापर्यंत तपासून निकाल देणार आहेत."

काकांना आलेलं हसू त्या शेवटच्या वाक्यावर घशातच अडकलं. बुंध्याशी त्यांनी दिलेली चीर होती. साल भरून आली तरी व्रण राहतोच, आणि जाणत्या माणसाला तो लांबूनही दिसतो. छत्तीस वर्षं पोरांच्या बाह्या उलट्या करकरून कॉप्या पकडणारे मास्तर आता भर मंडपात लबाड ठरणार होते. आणि काकांनी खरं सांगावं, तर गल्लीतलं एकूण एक फाटक त्यांच्या तोंडावर बंद. इकडे आड, तिकडे विहीर. गुपचूप ती फांदी छाटून टाकावी असंही मनात आलं. पण मास्तर त्या कळीकडे बघताना लहान मुलासारखे हसत होते, आणि ते बघून काकांचा हात धजेना.

"पराक्रम तुमचा, निस्तरायचा पण तुम्हीच," काकूंनी हात झटकले.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले तेव्हा मास्तर दाढीला बसले. तीन दिवसांची दाढी वाढली होती. काकांनी वेळ नेमकी साधली. उजवा गाल झाला, वस्तरा गळ्यावर आला.

"मास्तर, हलू नका. ती लाल फांदी मी लावलेली आहे."

मास्तरांनी श्वास रोखला. दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच. काकांनी सगळं सांगून टाकलं: व्रण कुठे आहे, पट्टी कधी सोडली, शिवाय जास्वंद, शिवाय लिंबू. मग वस्तरा बाजूला केला.

"किती दिवस हसतोयस मला?" मास्तरांनी विचारलं. आवाज अजिबात चढला नव्हता, म्हणून काकांना तो जास्तच लागला.

"कळी दाखवलीत तेव्हा येत होतं. पुढे नाही जमलं."

मास्तर उठले आणि एक गाल साफ, एक गाल फेसात, गळ्यात सलूनचा टॉवेल, अशा अवतारात भर रस्त्याने घरी गेले.

कुंडी प्रदर्शनाला गेली नाही. बातमी मात्र गल्लीभर गेली. नर्सबाईंना खतवाल्याची माफी मागावी लागली, त्याचं उट्टं त्यांनी काकांवर काढलं. फाटकांना कड्या लागल्या. कहर म्हणजे दोघांनी येऊन "आमच्या झाडाला पण करून द्या ना," असा आग्रह धरला. काकांनी नकार दिला. सांगून-सवरून केलेली खोडी म्हणजे नुसती मजुरी, त्यात काय राम?

खरा घोर होता मास्तरांचा. ते दुसऱ्या सलूनमध्ये गेले नाहीत आणि घरीही त्यांनी गालाला पातं लावलं नाही. सलूनवरून ताठ मानेने जायचे. दाढी वाढतच होती, डावीकडची उजवीकडच्या तीन दिवस पुढे. लोक हसत. काकांना मात्र ते बघवत नव्हतं. माणूस हातचा गेला, असं ते काकूंना दोनदा म्हणाले.

बाराव्या दिवशी सकाळी काका सलूनच्या मागच्या दारी आपल्या लाल गुलाबाला पाणी घालायला गेले आणि जागीच थांबले. एका फांदीवर चिरा पडल्या होत्या, त्याही तिरक्या, पेन्सिलीला टोक काढायच्या पात्याने काढलेल्या. वर वह्यांना लावायची चिकटपट्टी, सात-आठ वेढे. आत पांढऱ्या गुलाबाचा एक टपोरा डोळा, आणि तो उलटा, टोक जमिनीकडे. इतकं गचाळ कलम काकांनी जन्मात पाहिलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

समोरच्या दाराने मास्तर आत आले आणि खुर्चीत बसले.

"डावीकडून सुरू कर. झाडं काय म्हणतायत?"

"बरी आहेत. तुमची?"

"बरी आहेत."

उलटा भरलेला डोळाही कधीकधी धरतो. फांदी जरा वाकडी येते, एवढंच. काकांनी तो सरळ केला नाही, चिकटपट्टीलाही हात लावला नाही. डोळा धरला की नाही हे कळायला तीन आठवडे लागतात. आठवड्यातून दोनदा येणारे मास्तर ते तीनही आठवडे रोज दाढीला येत राहिले, आणि काका रोज गुळगुळीत गालाला पुन्हा साबण लावत राहिले. मागच्या दाराकडे दोघंही बघत नसत, निदान एकमेकांच्या देखत तरी.