कुंची घातलेला गुंड

भरल्या ताटावरून उठून जाण्यात माझ्या आतेभावाचा हात धरणारा अख्ख्या मुलुंडात कुणी नाही. देवनारच्या बाजूला एका प्रयोगशाळेत तो मेंदूच्या गाठींच्या पेशी वाढवतो, आणि त्या पेशींना रविवार, लग्न, गणपती काही कळत नाही. सख्ख्या बहिणीच्या लग्नात कानपिळीसाठी नवरदेव कान पुढे करून बसला, तेव्हा हा पेशींना खायला घालायला गेला होता. शेवटी कान मी पिळला. आत्या म्हणाली, "एक दिस उपास घडलो तर काय मरतले?" हा गंभीरपणे "हो" म्हणाला.

गेल्या वर्षी माझ्या बायकोच्या मेंदूतली गाठ काढली. पुन्हा येणार नाही, असं डॉक्टर काही म्हणाले नाहीत. नातेवाईक तिच्याशी कुजबुजत बोलायला लागले आणि तीही गप्प झाली. भांडुपला पुतण्याच्या मुलाच्या बारशात ती डोक्याला रुमाल बांधून कोपऱ्यात बसली होती. तेवढ्यात कुणीतरी आतेभावाला विचारलं, तुझं नेमकं काम काय. विचारायची खोटी. त्याने पाळण्यातली बाळाची कुंची उचलली. म्हणाला, पेशीच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं पांघरूण असतं. मेंदू घडत असताना नव्या चेतापेशींचं पांघरूण खास असतं, मोठेपणी ते सुटतं, कुंचीसारखं. गाठीच्या पेशी मात्र तेच घालून मोठ्या माणसाच्या मेंदूत उजळ माथ्याने हिंडतात. आणि कसं ते दिसावं म्हणून ती झालरीची कुंची आपल्या टकलावर चढवून तो पाळण्याभोवती गुंडासारखा हिंडला.

आत्याने कपाळावर हात मारला. शुभ कार्यात कसला हा विषय! पण माझी बायको हसली, कित्येक महिन्यांनी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग तिने विचारलं, "भावोजी, मग कुंचीवरूनच त्याला पकडता येईल ना?"

"तेच तर करतोय, वहिनी. कधी जमेल ते माहीत नाही. तुमच्याशी खोटं नाही बोलणार."

एवढं बोलून पानावर बसला आणि घारगा अर्धा टाकून नेहमीप्रमाणे उठला. त्या दिवशी त्याला कुणी बोललं नाही.

बायकोच्या परवाच्या तपासणीत काही निघालं नाही. पुढची आहेच. हल्ली रविवारी तो आमच्याकडे जेवायला येतो आणि मध्येच घड्याळ बघायला लागला की बायकोच त्याला उठवते, "जा भावोजी, त्यांना उपाशी ठेवू नका." त्याचं ताट झाकून ठेवते आणि खिडकीशी बसते. भावोजी परत येईपर्यंत जेवायला थांबलेय, म्हणते. मलाही भूक लागलेली असते, पण मीही तिच्याशेजारी जाऊन बसतो.