आप्पांच्या ताटल्या मुक्या झाल्या

कारभारी महाले, म्हणजे आमचे आप्पा, यांना चिनी मातीच्या जुन्या ताटल्या कळतात, हे किलवणी नाक्यापासून खानवेलपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. कशा काय कळतात, हे मात्र कुणालाच कळत नव्हतं. माणूस साक्री तालुक्यातला, शिक्षण आठवी, आणि बावीस वर्षं सिल्वासात धाग्याच्या कारखान्यात मशीनवर उभा. खोल्या दोन. एक ताटल्यांची. दुसरीत आप्पा, मंजुळाकाकू, गॅस, टीव्ही आणि काकूंचा राग असे पाच जण दाटीवाटीने राहायचे. शेजारच्या खोलीत मी.

सुरुवात एका पाडलेल्या घरापासून झाली. पोर्तुगीजांच्या वेळचं घर, त्याच्या राडारोड्यात आप्पांना निळ्या फुलांची एक ताटली सापडली. वर्षभर त्यांनी तिच्यात विडीची राख झाडली. मग दमणच्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने ती पाहिली आणि त्याला घाम फुटला. आप्पांनी ताटली विकली नाही. विडी सोडली. त्या दुकानदाराकडे दर सुट्टीला जाऊन बसायला लागले आणि चार-पाच वर्षांत त्यालाच चुका दाखवायला लागले. ताटल्या एकेचाळीस झाल्या. धाग्याच्या रिकाम्या खोक्यांत, काकूंच्या जुन्या साड्यांत गुंडाळलेल्या. आणि दोन ताटल्यांच्या मधे आप्पा पिवळे स्पंजचे बूच ठेवायचे. हे बूच कारखाना कामगारांना कानात घालायला देतो. मशीनचा आवाज इतका असतो, की तिथे माणसं ओठ वाचून शिव्या देतात. पण आप्पांच्या मते बुचांची जास्त गरज ताटल्यांना होती.

त्यांची पारख बघण्यासारखी होती. ताटली आधी उलटी करायची. तळाच्या कड्याला झिलई नसते, तिथे बोट फिरवायचं, जुन्या भट्टीतल्या वाळूचे कण बोटाला लागतात का बघायचं. मग उन्हात धरायची. मागे धरलेल्या बोटांची सावली पुढून दिसली पाहिजे. तळावरच्या चिनी शिक्क्याकडे शेवटी बघायचं, कारण शिक्का कुणीही काढतो. आमचे उदय सर पुण्याचे, एका कारखान्यात मॅनेजर. त्यांनी एकदा तीनशे वर्षं जुनी म्हणून घेतलेली ताटली आणली. आप्पांनी ती उलटी केली आणि म्हणाले, "साहेब, तीनशे वर्षांत हिला कुणी टेबलावर ठेवलंच नाही का? तळ तर बाळाच्या टाचेसारखा आहे." सर हसले. पुढचे दोन महिने त्यांनी ओळख दाखवली नाही.

पण हे सगळं झाल्यावरचा खरा निकाल कानाचा. ताटली तीन बोटांच्या टोकांवर तोलायची आणि नखाने कडेला टिचकी. धड असेल तर बारीक, लांब आवाज निघतो आणि हवेत राहतो. आत केसाएवढी रेघ असेल, डोळ्याला दिसत नसली तरी, ताटली नुसती ठप्प करते. धड ताटलीला आप्पा म्हणायचे 'बोलली'. ठप्प करणारीला म्हणायचे 'मेली'.

गेल्या दिवाळीनंतर आप्पांच्या ताटल्या मरायला लागल्या.

पहिली गेली तेव्हा त्यांना वाटलं, काकूंनी खोकं सरकवलं. दुसरी गेली तेव्हा संशय रस्त्यावरच्या ट्रकांवर. तिसरीला मी. आप्पा दारात येऊन म्हणाले, "नवनाथ, तुझं ते धडधड गाणं भिंतीतून ताटल्यांना लागतं." मी गाणं बंद केलं. चौथी तरीही गेली. फुटकं भांडं घरात ठेवायचं नाही, हा नियम साक्रीतही आहे आणि सिल्वासातही. आप्पा मेलेली ताटली काकूंच्या हातात देत, तोंड फिरवत आणि म्हणत, "नदीत सोडून ये." काकू पिशवी घेऊन दमणगंगेकडे जात.

दर रविवारी ते ताटल्या काढून वाजवून बघायचे. आता रविवार आला, की त्यांचा चेहरा उतरायचा. खोकं उघडायला बसायचे आणि उघडायचेच नाहीत. झाकणावर हात ठेवून म्हणायचे, "आज कोण गेली असेल, काय माहीत." एक दिवस मला म्हणाले, "काहीतरी शिरलंय रे घरात. कोंबड्यांत रोग शिरतो तसं." एवढं बोलून त्यांनी मागे वळून पाहिलं. तोवर सात ताटल्या गेल्या होत्या. मी तेव्हा हसलो नाही. खरं तर मला हसू येणं शक्यच नव्हतं, कारण मला माहीत होतं.

ताटल्या धड होत्या. मेलेल्या म्हणून काढलेली प्रत्येक ताटली मला एका विटेच्या भिंतीपलीकडे बोलताना ऐकू येत होती. निदान मला तरी तसं वाटत होतं. गेले होते ते आप्पांचे कान. मशीनवाल्यांचे असेच जातात. आधी बारीक, उंच आवाज जातात. बोलणं ऐकू येत राहतं, भांडण तर फारच छान ऐकू येतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आमच्या चाळीत तर सगळेच मशीनवाले, सगळेच ओरडून बोलतात.

एकदा मी सांगायला तोंड उघडलं, तर काकूंनी मला नळावर गाठलं.

"तुला कळलंय ना?"

"हो काकू."

"मग गिळून टाक. कारखान्यात कानांची तपासणी आहे. आप्पांना कळलं, की पहिले तेच घाबरणार आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सांगून येणार. मागच्या वर्षी नापास झालेला माणूस आठवतो का? दोन महिने गेटवर खुर्ची दिली, मग घरी."

"आणि ताटल्या?"

"सातच्या सात तांदळाच्या डब्यात आहेत. मी काय येडी आहे नदीत टाकायला?"

म्हणून मी गिळून टाकलं. रोज भीती एवढीच, की हा माणूस एक दिवस दुसऱ्याच कुणाची ताटली मारेल.

ती पुतळाबाईची निघाली. एका रविवारी सकाळी दुधनीहून म्हातारी आली, डोक्यावर गाठोडं. तिच्या सासऱ्याने पोर्तुगीज साहेबाच्या स्वयंपाकघरात काम केलं होतं, तिथली ही मोठी ताटली. काठावर निळे मासे. धरणाचं पाणी गावात चढलं तेव्हा पुतळाबाईने घरातून दोनच गोष्टी डोक्यावर काढल्या होत्या, बियाणं आणि ही. आता नात सोनम लग्न होऊन वापीला चालली होती, तिला द्यायची होती. पण नव्या नवरीला तडा गेलेली वस्तू देत नाहीत. ती धड आहे एवढं आप्पांनी सांगावं, म्हणून म्हातारी दोन गाड्या बदलून आली होती.

ओट्यावर आम्ही तिघं. आप्पांनी तळाला बोट लावलं आणि त्यांचे डोळे चमकले. उन्हात धरली, बोटांची सावली दिसली. मग तीन बोटांवर तोलून टिचकी मारली.

ताटली अशी बोलली, की मी चहाचा कप खाली ठेवला.

आप्पांनी पुन्हा टिचकी मारली. पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम आला. "आजी," ते म्हणाले, "मेली ही. आत रेघ आहे."

पुतळाबाई तिच्या भागातल्या रीतीने सगळ्यांनाच अरेतुरे करते. "मला तर बेस वाजली असं वाटलं रे."

"वाटणं वेगळं, आजी. त्याला कान लागतात."

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

पुतळाबाईने वाद घातला नाही. एवढ्या लांबून ती ज्याच्या शब्दासाठी आली, त्याने शब्द दिला होता. ताटली गुंडाळत म्हणाली, "मग पोरीला नाही देता येत. जिथली तिथं घालते. आमचं जुनं घर पाण्याखाली आहे ना, त्यावर सोडते आजच." आणि ती नाक्याकडे निघाली. मी बोलायला हवं होतं. मी कपाकडे बघत राहिलो.

ती वळणावर दिसेनाशी झाली तेव्हा काकू बाहेर आल्या, हात पिठाने भरलेले.

"अहो, ती ताटली बोलली."

"काय?"

"मला आत गॅसपाशी ऐकू आली. तुमच्या बोटांवर होती, तुम्हाला नाही आली."

आप्पा चिडले. काकू आत गेल्या आणि तांदळाचा डबा घेऊन आल्या. डब्यातून एकेक ताटली निघाली तसा आप्पांचा राग पातळ होत गेला. त्यांच्या जागी दुसरा कुणी असता तर बायकोशी भांडला असता. पण हा पारखी माणूस. म्हणाले, "नवनाथ, भिंतीकडे तोंड कर. आवाज आला की हात वर."

चौथीत असल्यासारखा मी उभा राहिलो. टिचकी, हात वर. टिचकी, हात वर. मग बराच वेळ काहीच नाही. मी हात खाली ठेवला. नंतर कळलं, त्यांनी मला पकडायला नुसतीच हवेत टिचकी मारली होती. परत आवाज आला, परत हात. मी वळलो तेव्हा आप्पा ताटली मांडीवर ठेवून बसले होते आणि दोन्ही हातांनी कान चाचपत होते.

मग त्यांनी ताटली बाजूला ठेवली. म्हणाले, "म्हातारी कुठवर पोचली असेल?"

पुतळाबाईकडे फोन नव्हता. आम्ही तिघं वडापच्या जीपमध्ये चढलो. खानवेलला दुसरी गाडी भरेपर्यंत पाऊण तास गेला. ड्रायव्हरला आणखी दोन माणसं हवी होती आणि आप्पा रस्त्यावरच्या प्रत्येकाला विचारत होते, "दुधनी का? दुधनी का?" गाडीत काकू त्यांच्या कानाशी लागून म्हणाल्या, "कानांचं काढू नका. नजरचूक झाली म्हणा. दुधनीची निम्मी पोरं तुमच्याच कारखान्यात आहेत."

"बरं," आप्पा म्हणाले. बोटं मात्र सारखी एकमेकांवर आपटत होती.

घराला कडी होती. शेजारणीने पाण्याकडे बोट दाखवलं. आम्ही उतारावरून धावलो, आप्पा दोनदा पडले. काठावर जाळी वाळत घातलेली, पाचसात माणसं, आणि त्यांत आप्पांच्याच पाळीतला कल्पेश, रविवारचा मासे धरायला आलेला. होडी पन्नास-साठ हात आत. पुतळाबाई वल्हं थांबवून खाली पाण्यात बघत होती, घराचा अंदाज घेत असावी. मांडीवर ताटली, तिला हळदकुंकू लावलेलं.

"आजी, सोडू नका," आप्पा ओरडले. "धड आहे ती. नजरचूक झाली."

तिने काहीतरी उत्तर दिलं.

"काय म्हणाली?" आप्पांनी काकूंना विचारलं.

"म्हणते, सकाळी फुटकी, आता धड. लाजेखातर सांगतोस का? तडा गेलेली नातीला दिली आणि तिचं काही वाईट झालं तर?"

पुतळाबाईने ताटली दोन्ही हातांत धरून होडीच्या कडेबाहेर नेली. खालची बाजू पाण्याला लागली. आप्पांनी एकदा कल्पेशकडे पाहिलं. मग ते गुडघाभर पाण्यात गेले आणि आपण फक्त म्हातारीलाच ऐकू जाईल अशा बेताने बोलतोय असं समजून म्हणाले, "आजी, मला ऐकू येत नाही. ताटली बोलली, मी बहिरा झालोय. सात महिने झाले."

ते पलीकडच्या काठापर्यंत गेलं असेल. कल्पेशने जाळं खाली ठेवलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

पुतळाबाईने मान वर करून आप्पांकडे पाहिलं. मग तिने ताटली पाण्यावरून आत घेतली, बोटातल्या अंगठीने कडेवर मारलं आणि मान कलती करून ऐकलं. पाण्यावरून तो आवाज आमच्यापर्यंत आला. आप्पा आवाजाकडे बघत नव्हते, आमच्या तोंडांकडे बघत होते. होडी वळली.

काठावर येऊन तिने एवढंच विचारलं, "मग देऊ ना पोरीला?"

"द्या," आप्पा म्हणाले. "पण माझ्या शब्दावर नको. हिच्या," आणि त्यांनी काकूंना पुढे केलं.

कल्पेश आमच्यासोबत वरपर्यंत चालत आला. "आप्पा, गुरुवारी तपासणी आहे," असं म्हणाला आणि उताराने परत फिरला. आप्पांनी ऐकलं, की ऐकलं नाही, कळलं नाही.

संध्याकाळी त्यांनी डब्यातल्या साती ताटल्या ओळीने मांडल्या आणि काकूंना समोर बसवलं. काकू टिचकी मारायच्या, म्हणायच्या, "बोलली." आप्पा त्यांच्या चेहऱ्यात काहीतरी शोधत राहायचे. पुन्हा "बोलली." सहा झाल्या. प्रत्येक 'बोलली'ला ते जास्तच भेदरत होते. मला कळत होतं का ते. ज्या बाईने सात महिने त्यांचे कान लपवले, ती त्यांच्या समाधानासाठी ताटल्याही जिवंत ठेवेल. आता आयुष्यभर त्यांना दुसऱ्याच्या कानांवर जगायचं होतं, आणि त्या कानांची परीक्षा घ्यायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

सातवी राडारोड्यातली, निळ्या फुलांची. काकूंनी टिचकी मारली. थांबल्या. पुन्हा मारली. ते ठप्प मीही ऐकलं होतं. भिंतीपलीकडून मला कळलं नव्हतं, जवळून कळलं. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

"ही खरंच गेली हो," काकू म्हणाल्या.

आप्पांनी ताटली हातात घेतली, छातीशी धरली. त्यांचे डोळे भरले होते. मग त्यांनी खांदे सैल सोडले आणि बाकीच्या सहांकडे दिवसभरात पहिल्यांदा न घाबरता पाहिलं.

"चौथी परत वाजव," ते काकूंना म्हणाले. "आणि कशी बोलते ते मला नीट सांग."