टेकापोच्या वाटेवर शेवंतीचा चहा

शाळेत एक कविता पाठ केली होती. कवी विसरलो, ओळीही बऱ्याचशा गळून गेल्या. बर्फाच्या डोंगरांत पहुडलेलं एक निळं तळं तेवढं मनात राहिलं. म्हणून लेकीचा, मुग्धाचा, न्यूझीलंडहून फोन आला, "बाबा, जानेवारीत या, टेकापो तळं दाखवते," तेव्हा मी साताऱ्यात लगेच स्वेटर शोधायला बसलो. तिकडे जानेवारीत ऐन उन्हाळा असतो हे भूगोलात शिकलो होतो, पण भूगोल कधी पाठ केला नव्हता!

ही गोष्ट २०१७ची. मुग्धा फार्मासिस्ट आहे. घर ख्राइस्टचर्चच्या रिकार्टनमध्ये. जाणाऱ्यांनी डाळी-मसाल्यांची चिंता करू नये, सगळं पायी चालण्याच्या अंतरावर मिळतं. चिंता करावी ती वाऱ्याची. डोंगरांवरून उतरणारा तो कोरडा, तापलेला नॉर्वेस्टर घशातलं पाणी शोषून घेतो.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी समुद्रकाठच्या आकारोआ गावाला गेलो. दीड तासाच्या वाटेवर घाटात मला आडोशाला जायचं म्हणून जावयांना तीनदा गाडी थांबवावी लागली. संदीपराव चकार शब्द बोलले नाहीत. तेच बोचलं. माझ्याशी ते "हो बाबा" आणि "नाही बाबा" यापलीकडे जात नसत. मी मनाशी ठरवलं, बाहेर जायच्या दिवशी पाणी घोटभरच प्यायचं.

चौथ्या दिवशी हॅगली पार्कात ओकच्या सावलीत कविता आठवत चालताना डोळ्यांपुढे अंधारी आली. बाकावर टेकलो म्हणून वाचलो.

"टेकापो कॅन्सल," मुग्धा म्हणाली. "तीन तासांचा रस्ता आहे बाबा. वाटेत पुन्हा असं झालं तर?"

पाण्याचं मी बोललो नाही. कसं बोलणार?

डॉक्टरांची वेळ दुपारची होती. सकाळी शेजारच्या लिनबाईंनी आपल्या चिनी औषधांच्या दुकानात बोलावलं. भिंतभर लाकडी खण, आणि आत शिरताच ज्येष्ठमधाचा ओळखीचा वास. बाई माझ्याच वयाच्या. त्यांचं इंग्रजी माझ्याइतकंच, त्यामुळे आमचं छान जमलं. त्यांनी मनगटावर तीन बोटं ठेवली, थेट आमच्या गावच्या वैद्यांसारखी. मग जीभ बघितली.

"दिवसाला पाणी किती?"

"पुष्कळ."

"लघवीला किती वेळा?"

मी छताकडे बघू लागलो.

"तुम्ही पुष्कळ म्हणता," बाई म्हणाल्या, "जीभ नाही म्हणते. कोणाचं खरं धरू?"

मुग्धासोबत आलेली नऊ वर्षांची नात इरा खुदकन हसली. "आजोबा, यू आर सो बस्टेड!"

मग सांगून टाकलं. मुग्धाचे डोळे भरले आणि आवाज चढला. "पाणी बंद केलंत? बीपीची गोळी चालू असताना? बाबा, तुम्ही लहान आहात का?"

गोळीचं ऐकताच लिनबाईंनी बांधलेल्या पुडीतून ज्येष्ठमध निवडून काढलं. "बीपी असताना हे नको." राहिली वाळवलेली पांढरी शेवंती; चार डॉलरची पुडी आठवडाभर पुरते. ती गरम पाण्यात टाकून कोमटच प्यायची. "आत गार व्हायला वरून बर्फ लागत नाही." शिवाय काकडी, कलिंगड, दुपारची झोप आणि हिरव्या मुगाचं पातळ सूप.

"हे तर आमचं कढण!" मी म्हटलं. "आई वैशाखात करायची."

"सगळं माहीत आहे, मग आलात कशाला?" बाई हसल्या.

दुपारी डॉक्टरांनीही तपासून तेच सांगितलं. आधी पाणी प्या, मग खुशाल फिरा.

शनिवारी पहाटे निघालो. थर्मासमध्ये शेवंतीचा चहा. चव गवतावरच्या दवासारखी, थोडी कडसर. दोन कप प्यायलो. राकाइया नदीचा पूल संपता संपत नव्हता, आणि तिथेच वेळ आली. जीभ रेटेना. मागून मुग्धा आरशातून माझ्याकडेच बघत होती.

"संदीपराव," शेवटी म्हटलं, "ॲशबर्टनला जरा थांबता का?"

त्यांनी सुस्कारा सोडला. "थँक गॉड बाबा! मला घरापासून लागलीय. तुमच्यासमोर कसं बोलू म्हणून दाबून बसलो होतो. त्या दिवशी घाटात तुम्ही थांबवत होतात तेव्हा किती सोय झाली होती माझी!"

मुग्धाने कपाळाला हात लावला. "सासरा तसा जावई!"

ॲशबर्टनच्या सार्वजनिक स्वच्छतागृहाबाहेर आम्ही दोघं कितीतरी वेळ हसत उभे होतो. (स्वच्छतागृहं गावोगावी आहेत, चकचकीत आणि फुकट.) पुढे फेअरलीला पाय खाल्ले, म्हणजे पोटात रस्सा भरलेली खारी. मग खिंड ओलांडली आणि समोर टेकापो. निळं म्हणू की दुधाळ? कवितेतल्यापेक्षा वेगळं, आणि खरं. काठावर संदीपरावांनी विचारलं, "बाबा, मुग्धा सांगते ती तुमची कविता कुठली हो?" मी आठवतील तेवढ्या ओळी म्हटल्या. मधल्या गाळलेल्या जागी ते नुसतेच "वा" म्हणाले.

आता साताऱ्यात आहे. शेवंतीची पुडी केव्हाच संपली. कढण मात्र पुन्हा सुरू झालंय. पूर्वी फोन संदीपरावांनी उचलला तर "हो बाबा, मुग्धाला देतो" म्हणायचे. परवा अर्धा तास झाला तरी आमचं आपलं चालूच होतं. शेवटी मागून लेकीचा आवाज आला, "अहो, मलाही बोलू द्या की बाबांशी!"