माझा तुकडा धरू नको

चर्चमध्ये प्रभुभोजन असलं, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा असला, की आदल्या दिवशी भाकर मी करायची. भाकर म्हणायची एवढंच. असते ती गव्हाच्या पिठाची, मीठसुद्धा न घातलेली जाड पोळी. मंद तव्यावर भाजायची आणि बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे. काळे मनुके भिजवून, उकळून, गाळून त्याचा रस काढायचा. आमच्या ल्युथरन मंडळीत जुनी रीत आहे. रविवारी ज्याला भोजन घ्यायचं त्यानं शनिवारी पाळकाकडं येऊन नाव सांगायचं. कुणाशी भांडण असेल, अबोला असेल, तर पाळक म्हणतो, आधी ते मिटवा, मग या. सगळे येऊन गेले की मी विचारायची, "किती धरू?" हे आकडा सांगायचे आणि पुढं म्हणायचे, "माझा धरू नको."

हे म्हणजे माझे मालक. गावात सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणतात. गावी परत येण्याआधी वीसेक वर्षं ते दूर दक्षिणेत सेमिनरीत प्राध्यापक होते, तिथं त्यांना सर म्हणायचे. सेमिनरी म्हणजे पाळक तयार करायचं कॉलेज. लग्न झालं तेव्हा ते साधे पाळक होते, सायकलवर तीन गावं बघायचे. मी अणदूरकडची, चौथी झालेली. मग त्यांना शिकवायला बोलावणं आलं आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायला गेलो. तिथली भाषा मला आली नाही. भाजीवालीशी बोटांनी बोलायची. तसं मला फार बोलावं लागत नव्हतं, ते मला बरंच वाटायचं.

हे उपासना कशी चालवायची ते शिकवायचे. बाप्तिस्मा, लग्न, माती. वर्गात पोरं सराव करायची. बाप्तिस्म्याला रबरी बाहुली होती आणि मातीला बाकावर लोड आडवा ठेवायचे. लोड आमच्या घरचा. परीक्षेच्या दिवसांत तो रोज पुरला जायचा, आणि संध्याकाळी मी त्याची खोळ झटकून पुन्हा भिंतीला लावायची. पाहुणे त्यालाच टेकून चहा प्यायचे.

प्राध्यापक झाले त्याच वर्षी सासूबाई गेल्या. आम्ही रेल्वेनं, मग एसटीनं, मग जीपनं गावी पोचलो. तोवर माती थांबवून ठेवली होती.

माझे थोरले दीर हलगी वाजवायचे. घरात ती पिढ्यान्‌पिढ्या होती, बाप्तिस्मा झाला तरी सुटली नव्हती. तेरला, लोहाऱ्याला, सीमेपलीकडच्या कानडी गावांतसुद्धा त्यांना बोलावणं यायचं. लग्न असो की कुणाची माती, आमच्या गावात त्यांच्या हलगीशिवाय माणूस घरातून निघत नव्हता. त्या दिवशी त्यांनी अंगणात पाचट पेटवून हलगी शेकायला धरली होती. कातडं तापलं की आवाज चढतो. ह्यांनी पांढरा झगा घातला, बाहेर आले, आणि हात वर करून म्हणाले, "दादा, ही ख्रिस्ती माती आहे. इथं गायन होईल. हलगी नको."

दिरांनी एकदा ह्यांच्याकडं बघितलं. हलगी आगीपासून काढून जमिनीवर पालथी ठेवली. मातीला आले, पण सगळ्यांच्या मागून. कबरस्तान ओढ्यापलीकडं. सगळे परतल्यावर त्यांनी एकट्यानं मूठभर माती टाकली, ती मी ओढ्याच्या या बाजूनं बघितली. त्या दिवसापासून दोघा भावांचा अबोला.

सेमिनरीत ह्यांनी ही गोष्ट पोरांना सांगायला सुरुवात केली. माती या विषयावर आले की सांगायचे, पाळकानं नियम पाळताना घरचं-परकं बघू नये, मी माझ्या आईच्या मातीला भावाची हलगी थांबवली. पोरं लिहून घ्यायची. दरवर्षी नवी पोरं, दरवर्षी तीच गोष्ट.

एकदा काही पोरं आमच्याकडं जेवायला होती. त्यांत एक डोंगराळ भागातली मुलगी होती. तिच्या गावात चर्चमध्येच ढोल वाजतो म्हणे. तिनं भात कालवता कालवता मोडक्या हिंदीत विचारलं, "सर, तुमच्या आईला हलगी आवडत होती का?"

हे घास हातात घेऊन थांबले. मग म्हणाले, "ओळखायची ती. दहा हलग्या वाजत असल्या तरी त्याची कुठली ते घरात बसून सांगायची."

मी ताक वाढलं. त्या वर्षानंतर ह्यांनी ती गोष्ट वर्गात सांगितली नाही, एवढं मला माहीत आहे, कारण मराठी पोरं आमच्या घरी बसून वर्गातलं सगळं पुन्हा बोलायची.

निवृत्त झाल्यावर लेक पुण्याला या म्हणत होती. हे म्हणाले, गावी जायचं. गावातल्या चर्चला बरीच वर्षं पाळक नव्हता, नवा मिळेपर्यंत तुम्हीच बघा असं वरून सांगणं आलं होतं. आमच्या वाटणीच्या दोन खोल्या दुरुस्त करून घेतल्या. पलीकडं दोन खोल्या दिरांच्या. अंगण एकच.

एका अंगणात अबोला धरून राहणं सोपं नसतं. पाण्याची मोटार, कडबा, शेळ्या, लाइटबिल, रोज काहीतरी निघतं. माझी जाऊ बोलकी. तिच्या हाती निरोप दिला की त्यात चार शब्द तिचे पडायचे आणि नवं भांडण व्हायचं. म्हणून दोघांनीही मला धरलं.

दीर बाजेवरून म्हणायचे, "बाई, प्राध्यापकास्नी सांगा, मोटार बंद करायची आसती. पानी माझ्या दारात आलंय."

हे ओसरीवरून म्हणायचे, "दादाला सांग, केली बंद."

"सांगा त्यास्नी, कवा? तळं झाल्यावर?"

थोरल्या दिरांपुढं मी कधी तोंड उघडलेलं नाही, तशी आमच्यात रीतही नाही. पण बोलायची गरजच नव्हती. दोघांना सगळं ऐकू येत होतं. डोक्यावर पदर घेऊन मी मधे उभी राहायची, एवढंच काम. कधी मी आत असले तर दीर हाक मारायचे, "बाई, जरा भाईर या, बोलायचंय." मी बाहेर आले की ते ह्यांच्याशी बोलायचे. जाऊ म्हणायची, "ही बोलंना की चालंना. टेलिफोनचा खांब हाय निस्ता."

गावातल्या पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी एक बाई नाव सांगायला आली. शेताच्या बांधावरून तिचं चुलतदिराशी वाकडं होतं. ह्यांनी वर्गात शिकवायचे तसं तिला समजावलं, आधी त्याच्याशी बोला, मग या.

ती पदर खोचून म्हणाली, "आन् तुमचं काय वो, पाळकसाहेब? आमच्या मधी बांध तरी हाय. तुमच्या मधी तर निस्तं आंगन हाय."

बाहेर बाजेवर दीर होतेच. ते मोठ्यानं खोकले.

ह्यांनी तिचं नाव वहीत लिहून घेतलं. संध्याकाळी मी पीठ मळायला घेतलं तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, "माझा धरू नको."

आमच्यात पाळक सगळ्यांना देतो आणि स्वतःही घेतो. ह्यांनी सगळ्यांना दिलं आणि ताट झाकून ठेवलं. दुसऱ्या वेळी तसंच. मग मंडळीत कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे डॉक्टरनं गहू बंद केला असंल, कुणी म्हणे शिकलेली मानसं आपल्यात बसून खात न्हाईत. मला बायका विचारायच्या, मी मान हलवायची. बांधावाली बाई मात्र काही विचारत नव्हती. ती एक दिवस चुलतदिराच्या घरी जाऊन चहा पिऊन आली.

हे जाऊन दिरांशी का बोलले नाहीत, असं कुणालाही वाटेल. मला वाटतं, बोलणार होते. तेवढ्यात त्यांचा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. आता तोही पाळक आहे. हे लोहाऱ्याला बँकेत गेले होते, म्हणून तो अंगणात दिरांजवळ बसला. शेजारी असतील असं समजून कौतुकानं सांगायला लागला, "सरांसारखा माणूस लाखात एक. सख्ख्या आईच्या मातीला भावाची हलगी बंद केली. आम्ही परीक्षेत लिहायचो ते."

चहाची कपबशी घेऊन मी दारातच उभी राहिले. दिरांनी त्याला शांतपणे विचारलं, "किती पोरास्नी सांगितलं आसंल त्यांनी ह्ये?"

"आमच्या आधीच्यांना, नंतरच्यांना. बऱ्याच जणांना."

"बरं," दीर म्हणाले आणि उठून गोठ्यात गेले.

रात्री मी ते ह्यांना सांगितलं. त्या दिवसापासून मला बाहेर बोलावणंही बंद झालं. पाणी वाहिलं तरी दीर स्वतः जाऊन मोटार बंद करायचे. हे समोर आले की ते तोंड फिरवायचे. ह्यांचं जेवण कमी झालं. रविवारचं उपदेशाचं बोलणं तेवढं नीट व्हायचं, बाकी घरात आम्ही दोघंही मुके.

मग कळलं की नवा पाळक नेमला आहे, पुढच्या महिन्यात येणार. म्हणजे येणारं प्रभुभोजन ह्यांचं शेवटचं. शुक्रवारी सकाळी दीर दोरी वळत बसले होते. हे ओसरीवरून उतरले, अंगण ओलांडून त्यांच्या बाजेजवळ गेले. मी भांडी घासत होते. माझ्याकडं न बघता म्हणाले, "दादा."

दिरांनी दोरी थांबवली. मान वळवून मला म्हणाले, "बाई, कोन बोलतंय?"

जाऊ दारातून ओरडली, "तुमचा भाऊ हाय, डोळं हाईत का?"

"तू गप."

हे म्हणाले, "दादा, चुकलं माझं. तेव्हाचं चुकलं, आणि पोरांना सांगत राहिलो ते त्याहून चुकलं."

दीर अजून माझ्याकडंच बघत होते. म्हणाले, "बाई, सांगा त्यास्नी. साऱ्या गावाच्या आया म्या वाजवून पोचवल्या. माझीच आई मुकी गेली. माफी घिऊन मी काय करू?"

"मग काय करू ते सांग," हे म्हणाले.

"आईच्या मातीवर वाजवनार हाय मी. हुभा ऱ्हातो का म्हनावं. त्याच झग्यात."

"राहतो."

शनिवारी दुपारी नाव सांगणारे येऊन गेले की आम्ही चौघं ओढ्यापलीकडं गेलो. दिरांनी गोठ्यातली हलगी काढली होती. हल्ली पोरं फायबरची वाजवतात, ती शेकावी लागत नाही. ही कातड्याची. तुरीच्या काड्या पेटवून त्यांनी ती चारी बाजूंनी शेकली, बोटानं टिचकी मारून बघितली, पुन्हा शेकली. हे झगा घालून कबरीच्या डोक्याशी उभे होते. ऊन होतं. शेजारच्या रानात सोयाबीन काढणाऱ्या बायका कंबर सरळ करून बघायला लागल्या. जाऊ वाटेनं सारखी बोलत आली होती, ती इथं गप्प झाली.

दीर वाजवायला लागले. आधी हळू, मातीची चाल, मग चढत गेली. फार वेळ वाजवता आली नाही. मनगट थरथरायला लागलं तशी त्यांनी हलगी खाली केली.

"हात ऱ्हायला न्हाय," ते म्हणाले. कुणाला म्हणाले कळलं नाही.

हे म्हणाले, "दहांत ओळखू आला असता."

दिरांनी डोळे पुसले नाहीत की काही नाही. नुसती हलगी ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती काखेत धरली आणि झग्यातच गावातून घरापर्यंत आणली. पारावर बसलेले बघत राहिले.

संध्याकाळी मी पीठ मळायला घेतलं. विचारलं, "किती धरू?" ह्यांनी आकडा सांगितला. मग म्हणाले, "माझा धर."

रविवारी सगळ्यांना देऊन झाल्यावर ह्यांनी शेवटचा तुकडा उचलला. बांधावाली बाई माझ्या पुढच्याच सतरंजीवर होती. तिनं शेजारणीला कोपरानं ढोसलं, "खाल्ला बाई." दीर चर्चला आले नव्हते. ते नाताळाशिवाय येत नाहीत, त्यात बदल झाला नाही.

दुपारी मी अंगणात शेंगा वाळत घालत होते. दीर बाजेवरून म्हणाले, "तुझी शेळी काल माझ्या कडब्यात घुसली हुती."

मी सवयीनं उठून पदर सारखा केला आणि मधे जाऊन उभी राहिले. पण ते माझ्याकडं बघत नव्हते.

"दावं तुटलं होतं," हे ओसरीवरून म्हणाले. "नवं आणतो."

"आनू नगंस. वळून देतो."

मी आत जाऊन चहा ठेवला.