दहावे आजोबा

माणसं मोजताना मोजणाऱ्याची नजर तुमच्यावरून घसरून पुढे गेलीय, असं तुमच्या बाबतीत कधी झालंय का? माझ्या बाबतीत झालंय. ज्या म्हाताऱ्याने ते चालू दिलं नाही, त्याला मी मनातल्या मनात दहावे आजोबा म्हणायचो. पहिलं यायची हौस त्यांना कुठेच नव्हती. नऊ जण जमले की ते यायचे, दाराशी सायकल टेकवायचे, टोपीवरचं पाणी झटकायचे आणि विचारायचे, "कुणाला हवा होतो?"

मी पनवेलचा, बेने इस्रायल. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या कोकणात राहिलेला मराठी ज्यू. पप्पांचा छापखाना होता. युनियनची, पाण्याच्या प्रश्नाची, उठवलेल्या झोपड्यांची पत्रकं तिथे छापली जायची आणि प्रत्येकाच्या तळाशी ठळक टाइपात एकच ओळ असायची : 'बहुसंख्येने उपस्थित राहा.' सभेला बहुधा वक्ते, पप्पा आणि चहावाला. तरी पुढच्या पत्रकात ती ओळ असायचीच. त्याच पत्रकांवर मी वाचायला शिकलो आणि अकरावीला शिष्यवृत्तीवर नेदरलँड्समधल्या एका ज्यू बोर्डिंगमध्ये दाखल झालो.

तिथे देशोदेशीची मुलं होती आणि सगळ्यांचा मला एकच प्रश्न होता, "इंडियात ज्यू असतात?" शुक्रवारी संध्याकाळी टेबलाभोवती सगळे एका चालीत गायचे. आमच्या घरची चाल वेगळी, म्हणून मी नुसते ओठ हलवायचो. स्वतःच्याच धर्माच्या लोकांत एवढं परकं वाटू शकतं, हे मला कुठल्या पत्रकात वाचायला मिळालं नव्हतं.

डिसेंबरच्या सुट्टीत बहुतेक मुलं घरी गेली आणि त्याच आठवड्यात पप्पा गेले. आमच्यात दफनाला थांबत नाहीत. स्किपोलहून विमान पकडलं असतं तरी मी पोहोचेपर्यंत माती झालेली असती. आई फोनवर म्हणाली, "येऊ नकोस रे बाळा. तिथेच कद्दीश म्हण. तेवढं तरी त्यांना पोहोचेल." कद्दीश ही मुलाने वडिलांसाठी म्हणायची प्रार्थना. ती एकट्याने म्हणता येत नाही. दहा ज्यू पुरुष उभे असावे लागतात.

आमच्यात माणसांना आकड्यांनी मोजत नाहीत. दहा शब्दांची एक ओळ आहे. एकेकाकडे बघत एकेक शब्द म्हणायचा. ओळ पुरी झाली की माणसं पुरी. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डिंगच्या प्रार्थनेच्या खोलीत उरलेली मुलं आणि गावातले काही जण जमले आणि आमचे वॉर्डन ती ओळ म्हणू लागले. आठ शब्द झाले. माझ्यापाशी ते अडखळले आणि नववा शब्द त्यांनी दारातून नुकत्याच आलेल्या या म्हाताऱ्याकडे बघून म्हटला.

"तो शब्द या पोराचा होता," आजोबा म्हणाले.

"भारतातल्या मुलांना धरायचं का... एकदा धर्मगुरूंना विचारून घेतो," वॉर्डन पुटपुटले.

आजोबांनी काढलेला कोट पुन्हा अंगात घातला. "जरूर विचार. तोवर माझाही शब्द परत घे. हा पोरगा नसेल, तर मीही नाही. बसा आठ जण."

वॉर्डन लाल झाले. ओळ पहिल्यापासून म्हटली गेली. नववा शब्द माझ्याकडे बघून. मी उभा राहिलो आणि पप्पांसाठी कद्दीश म्हटलं, आमच्या पनवेलच्या चालीत. पहिल्यांदाच नुसते ओठ हलवले नाहीत.

मग रोज सकाळी आजोबा आले. शनिवार आमचा विश्रांतीचा दिवस, सायकल चालवायची नाही, म्हणून कालव्याच्या काठाने चालत आले. मला वाटलं, फार धार्मिक असावेत. विचारलं तर हसले. "देवाशी माझं बोलणं बंद आहे, पोरा. पण मुलाला बापासाठी उभं राहायचंय, त्यात देवाला कशाला मध्ये आणायचं?" खिशातून खारट लिकोरिसच्या, म्हणजे ज्येष्ठमधाच्या काळ्या गोळ्या काढून ते हातावर ठेवायचे. मी तोंड वाकडं करून चघळायचो. "हे आवडायला लागलं की समज तू डच झालास. मग पळून जा!"

परीक्षा पास झालो तेव्हा मी मलिदा केला. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या नावाने आमच्या घरोघरी करतात तो : पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं. पोहे भारतीय दुकानातून आणले होते. आजोबांनी दोनदा वाढून घेतला आणि निकाल दिला, "एवढं नाव घेतोस, हे तर आमचं नाश्त्याचं म्यूसली!" त्याच दिवशी ते बोलले. युद्धात त्यांना एका शेतकऱ्याने गोठ्याच्या माळ्यावर लपवलं होतं. आईवडील परत आले नाहीत. "मलाही कद्दीश म्हणायचं होतं. पण आमच्या गावात दहा ज्यू पुरुषही परतले नाहीत." एवढं बोलून ते वाटी धुवायला उठले.

पुढच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गेले. मूलबाळ नव्हतं. त्यांच्यासाठी कद्दीश मी म्हणणार होतो. वॉर्डन आणि मी सकाळपासून फोन करत होतो. कुणी समुद्रावर होतं, कुणाची मीटिंग होती. "कुणीतरी असेलच की," बरेच जण म्हणाले. कबरीपाशी वॉर्डननी ओळ सुरू केली. माझ्याकडे बघून त्यांनी शब्द म्हटला, जराही न अडखळता. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडातच राहिला.

आम्ही थांबलो. रस्त्यावरून येणारी प्रत्येक सायकल मी फाटकापर्यंत नजरेने ओढत आणत होतो. एकही वळली नाही. खड्डा खणणाऱ्या डच माणसाने टोपी काढली आणि तो आमच्या शेजारी येऊन उभा राहिला. नियमात तो बसत नव्हता. पण आला होता. कद्दीश न म्हणताच आम्ही माती टाकली.

माझा राग नियमावर नाही. 'कुणीतरी असेलच' या वाक्यावर आहे. ज्यांच्यासाठी ते दहावे झाले, त्यातल्या कितीतरी जणांना त्या दिवशी हे वाक्य सुचलं.

म्हणून तुम्हाला एक सांगणं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या गावात कुठेतरी तिरडीला चौथा खांदा कमी पडत असेल, सभेच्या खुर्च्या रिकाम्या असतील, एखादा पोरगा परक्यांत एकटा उभा असेल. कळलं की चप्पल घाला आणि निघा. पप्पांच्या पत्रकाची ओळ मी थोडी बदलतो. बहुसंख्येने नको. एकटेच या, पण उपस्थित राहा.